मॅडमचा घरवाला

“मैडम के घरवाला आय,” दारावरची बाई आतल्या माणसाला म्हणाली आणि तिनं आडवा बांबू वर केला. गंगाधररावांनी तिकिटासाठी खिशात घातलेला हात खिशातच राहिला. आपण कोण हे त्यांनी सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हते. शनिवारी दुपारी चौबे कॉलोनीतून रिक्षा, मग नवा रायपूरची बस, मग त्या निर्मनुष्य सहापदरी रस्त्यानं उन्हात पाऊण कोस पायपीट, एवढं सगळं त्यांनी केलं होतं ते लपून बघण्यासाठी. बायको काय करते ते चार माणसांच्या मागं उभं राहून बघायचं, मनातल्या मनात हसायचं आणि ती घरी यायच्या आत घरी पोचायचं. आणि ही काळीसावळी, खाकी साडीतली बाई त्यांना बघून हसत होती. “फोटू म देखे हंव,” ती म्हणाली. “मैडम के मोबाइल म. आवव, बइठव. मोर नाम कलावती.” गंगाधररावांनी तिच्या नावात काडीचाही रस दाखवला नाही. छत्तीस वर्षं त्यांनी सरकारी नोकरी केली होती, त्यातली शेवटची नऊ कार्यालय अधीक्षक म्हणून. लोक त्यांच्या टेबलासमोर उभे राहत आणि मागच्याला सांगत, साहेब बसले आहेत. रमाला लोक ‘साहेबांची मिसेस’ म्हणत. सदतीस वर्षांच्या संसारात कोणीतरी त्यांना कोणाचा तरी म्हणून ओळखायची ही पहिली वेळ, आणि तीही कोणी, तर चतुर्थ श्रेणीतल्या, बहुधा रोजंदारीवरच्या बाईनं.

तुच्छतेचे त्यांच्याकडे वर्ग होते, नोकरीत असतात तसे. चतुर्थ वर्गाच्या तुच्छतेत शिपाई, रिक्षावाले, भाजीवाले आणि बहुतेक नातेवाईक येत. त्यांच्यावर शब्द खर्चायचा नाही. तृतीय वर्गात सहकारी, त्यांच्यावर एखादं वाक्य. द्वितीय वर्गात वरिष्ठ अधिकारी. त्यांच्यासाठी फायलीतल्या नोटशीटवर अशी काही भाषा वापरायची की सही करणाऱ्याला वाटावं आपला मान राखला, आणि वाचणाऱ्याला कळावं याला काही कळत नाही. प्रथम वर्ग त्यांनी शहरासाठी राखून ठेवला होता. अमरावतीहून बाविसाव्या वर्षी ते रायपूरला आले ते दोन वर्षांत परत जायचं म्हणून. परत जाणं झालं नाही, म्हणून रायपूर वाईट. मग वेगळं राज्य झालं, भोपाळहून ट्रक भरून फायली आल्या, कालचे तहसीलदार आज राजधानीचे साहेब झाले, म्हणून राज्य वाईट. मग शेतांच्या मधोमध ही नवी राजधानी उठली, मोठाले रस्ते, मोठाल्या इमारती आणि माणूस नाही. निवृत्तीआधीची शेवटची दोन वर्षं त्यांना रोज स्टाफ बसनं इथं यावं लागलं. बसच्या खिडकीतून ते बघत आणि म्हणत, आधी डबा घेतला, आता त्यात काय भरायचं ते शोधून राहिले. आणि आता भरायला सापडली होती पाखरं, म्हणून हे पक्षी-उद्यान. फरशी बसवलेली पायवाट, बांबूचे कठडे, कमळाच्या आकाराच्या कचरापेट्या आणि समोर पसरलेलं ते पाणी. हे पाणी त्यांनी ओळखलं, पण पाणी म्हणून नाही. जमिनीच्या कागदावरच्या खसरा क्रमांकानं. गावाचं जुनं तळं. त्याचा प्रस्ताव त्यांच्या टेबलावरून गेला होता, आणि त्यांनीच स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, ‘उक्त भूमि दलदली एवं अनुपयोगी है’. न बघता लिहिलं होतं. ऑफिसात बसून एखादी जागा निरुपयोगी ठरवायला ती बघावी लागत नाही, हीच तर खरी ताकद असते. आता त्या निरुपयोगी दलदलीत शिंगाड्याची आणि कमळाची पानं दाटली होती, भाद्रपदाचं ऊन त्यांच्यावर चकचकत होतं, पलीकडच्या बाभळींवर पांढरे-काळे करकोचे घरटी करून बसले होते आणि त्यांच्या विष्ठेचा उग्र वास वाऱ्याबरोबर येत होता. गंगाधररावांनी रुमाल नाकाला लावला. लोक पैसे देऊन हा वास घ्यायला येतात, या विचारानं त्यांना जरा बरं वाटलं.

रमा कठड्याच्या टोकाशी उभी होती. तिच्याभोवती तीसेक माणसं: कॉलेजची पोरं, दोन-तीन कुटुंबं, गळ्यात दुर्बीण अडकवलेला एक टक्कल पडलेला माणूस. तिनं साडीवर हिरवं जाकीट घातलं होतं आणि डोक्यावर टोपी. टोपी. गंगाधररावांनी सदतीस वर्षांत तिच्या डोक्यावर पदराशिवाय काही पाहिलं नव्हतं. ती हिंदीत बोलत होती, तिची ती अर्धी मराठी हिंदी, ‘वो पक्षी का ना, पाय देखो’, आणि हे ऐकून कोणीही हसत नव्हतं. ती भंडाऱ्याकडची, तळ्यांच्या गावची. लग्न ठरलं तेव्हा गंगाधररावांच्या आईनं विचारलं होतं, पोट्टीले काय येते, आणि तिच्या बापानं भाबडेपणानं सांगितलं, पोहता येते, मासे ओळखते, पाखरं ओळखते. त्या उत्तरावर अमरावतीच्या घरात पुढं वीस वर्षं हसणं झालं. पाहुणे आले की गंगाधरराव म्हणत, आमच्या हिला विचारा, बगळे किती प्रकारचे असतात. ती स्वयंपाकघरातून म्हणे, चार. मग सगळे हसत. आता त्यांना आठवलं की ती कधी हसली नव्हती आणि कधी रागावलीही नव्हती. दर वेळी तिनं नीट उत्तर दिलं होतं, जणू कोणी खरंच विचारलं आहे. मागच्या वर्षी महिला मंडळाची सहल इथं आली. फलकावर चित्र एका पक्ष्याचं आणि नाव दुसऱ्याचं आहे असं हिनं तिथल्या अनिमेष नावाच्या तरुण अधिकाऱ्याला सांगितलं, त्यानं पुस्तक उघडून बघितलं आणि हिचा नंबर घेतला. मग रविवारी या, मग शनिवारी-रविवारी या. गंगाधरराव शेजारच्या शंकररावांना सांगत, “गेली पाखरं मोजायले. सरकारजवळ दुसरं काही मोजायले उरलं नाही.” त्यांनी तिला कधी अडवलं नाही. अडवावं एवढं ते महत्त्वाचं आहे असं कबूल करावं लागलं असतं. मग परवा हैदराबादहून पूर्णिमाचा, मुलीचा, फोन आला. ते मराठीत बोलत आणि ती लहानपणापासून हिंदीत उत्तर देत आली होती. “पापा, मम्मी का वीडियो देखा? चालीस हज़ार लोगों ने देखा है. आपने नहीं देखा?” चाळीस हजार. त्यांच्या सर्वांत उत्तम नोटशीट आयुष्यात फार तर पाच माणसांनी वाचल्या असतील, त्यातल्या तिघांनी न वाचता.

ते घोळक्याच्या मागं जाऊन उभे राहिले. रमानं त्यांना पाहिलं. एक क्षण तिची नजर त्यांच्यावर थांबली आणि पुढं गेली, शिकवणाऱ्या माणसाची उशिरा आलेल्या पोरावरून पुढं जाते तशी. ती पाण्याकडं बोट दाखवत होती. वीस-पंचवीस हातांवर, पानांच्या गादीवर एक पक्षी बसला होता: पांढरं तोंड, मानेला सोनेरी झाक, आणि मागं लांब, खाली वाकलेली काळी शेपटी. कमळपक्षी. तिनं हिंदीत त्याला जलमोर म्हटलं. तो उठला, कोळ्याच्या पायांसारखी लांबलचक बोटं पानांवर टाकत दोन पावलं चालला, आणि त्याच्या खाली तांब्याच्या रंगाची चार चकचकीत अंडी दिसली. मग चोचीनं एक अंडं सरकवून तो पुन्हा बसला. “ये नर है,” रमा म्हणाली. “अंडे पर नर ही बैठता है. मादी इससे बड़ी रहती, अंडे देके दूसरी तरफ चली जाती. बच्चे भी येच सम्हालता, पंख के नीचे दबाके.” कॉलेजची एक मुलगी हळूच म्हणाली, “वाह आंटी, मस्त है,” आणि बायका हसल्या. ते हसू गंगाधररावांना झोंबलं. त्यांना वाटलं हे सगळं रचलेलं आहे. पक्षी, अंडी, हसणं, सगळं त्यांच्यासाठी मांडून ठेवलं आहे. बुद्धीनं त्यांना कळत होतं की असं काही नाही, ही बाई दर शनिवारी हेच सांगत असणार. पण तोवर त्यांचा हात वर गेला होता आणि छत्तीस वर्षं घासलेल्या ऑफिसच्या हिंदीत त्यांचा आवाज निघाला होता. “क्षमा कीजिए मैडम. आप लोगों को भ्रमित कर रही हैं. अंडे पर मादा बैठती है. यह सामान्य ज्ञान की बात है. बच्चों के सामने ऐसी बात प्रमाण के बिना नहीं कहनी चाहिए.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. हा क्षण त्यांच्या ओळखीचा होता. बैठकीत, कोणी बोलत असताना, मध्येच नियम सांगायचा आणि समोरच्याचा चेहरा उतरताना बघायचा. त्यांनी रमाच्या चेहऱ्याकडं बघितलं. तो उतरला नाही. “सबको पहले ऐसाच लगता है, भाईसाहब,” ती म्हणाली. आवाजात ना राग, ना टोमणा. “मेरे को भी बचपन में ऐसाच लगता था. फिर देखा तो समझा. आप इधर सामने आ जाओ, उधर से दिखता नहीं.” टक्कल पडलेल्या माणसानं सरकून जागा दिली आणि स्वतःची दुर्बीण त्यांच्यापुढं धरली. गंगाधररावांनी ती घेतली नाही. भाईसाहब. मघाशी त्यांना या बाईचा नवरा म्हटलं म्हणून अंगावर काटा आला होता, आणि आता ती त्यांना नवरा म्हणाली नाही म्हणून कानांच्या पाळ्या जळत होत्या. यातलं हास्यास्पद काय ते त्यांना दिसलं. दुसऱ्या कोणाचं असतं तर ते त्यांना हसायला चांगलं महिनाभर पुरलं असतं. घोळका रमाच्या मागं पुढच्या वळणाकडं निघून गेला. बदकासारख्या चिमुकल्या टिबुकल्या पाण्यात बुडत होत्या आणि भलतीकडं वर येत होत्या. गंगाधरराव तसेच उभे राहिले, मग दाराकडं परतले.

कलावतीनं त्यांना खुर्ची दिली, मटक्यातलं पाणी दिलं. ती त्याच गावची, तळ्याकाठची. जमीन गेली तेव्हा नोकरी देऊ म्हणाले होते, ती इतक्या वर्षांनी ही मिळाली, दारावरची. “मैडम पक्की हो जाही,” ती आपणहून म्हणाली. रमाला कायम मार्गदर्शक म्हणून घ्यायचं चाललं आहे, एक खोलीही मिळेल इथंच सेक्टरात, कारण पहाटेची पाखरं पहाटेच बघावी लागतात. याच महिन्यात ठरेल. घरी याबद्दल एक शब्द नव्हता. “तिनं सांगितलं तुले?” गंगाधरराव मराठीतच म्हणाले, आणि कलावतीला ते समजलं. “हव. सब ला बताए हे.” सगळ्यांना. मग टेबलावरच्या जाड वहीवर हात ठेवून तिनं सांगितलं की लोक यात लिहितात, ही ‘सुझाव-पंजी’, सूचनांची वही, आणि मोठे साहेब हीच वाचून ठरवणार. सगळ्यांनी चांगलंच लिहिलं आहे. तुम्ही पण लिहा ना, तुम्हाला तर छान लिहिता येत असेल.

ती कोणासाठी तरी बांबू उचलायला गेली. गंगाधररावांनी वही उघडली. पानांना क्रमांक होते. ‘बहुत अच्छा लगा.’ ‘रमा आंटी बेस्ट है.’ ‘जानकारी बढ़िया दी.’ भाषा नाही, शुद्धलेखन नाही, एक वाक्य धड नाही. असल्या लोकांच्या शिफारशीवर माणसं कायम होतात. त्यांनी खिशातलं पेन काढलं. निवृत्तीनंतर कित्येक वर्षांत त्यांनी असं सरकारी काही लिहिलं नव्हतं, आणि पेन कागदाला लागताच हात कसा आपोआप चालला याचं त्यांनाच नवल वाटलं. ‘विषयांतर्गत लेख है कि उद्यान में नियुक्त महिला मार्गदर्शक द्वारा आगंतुकों को तथ्यहीन जानकारी दी जा रही है. नर पक्षी द्वारा अंडे सेने जैसी भ्रामक बातें कही गईं. भाषा भी अशुद्ध एवं ग्राम्य है. ऐसे व्यक्ति को स्थायी करना शासन की छवि के अनुकूल नहीं होगा.’ खाली त्यांनी लिहिलं, ‘एक जागरूक नागरिक’. वाचून बघितलं. एक शब्द इकडचा तिकडं करावा लागला नसता. अंगात एक प्रकारची उबदार ताकद आली, आणि तिच्या तळाशी काहीतरी गिळगिळीत होतं, चिखलात पाऊल गेलं की बोटांच्या मधून वर येतं तसं. त्यांनी वही मिटली आणि कलावतीला सांगितलं, “मी यात लिहिलं, ते तिले सांगू नको.” ती हसली आणि हव म्हणाली. तिला वाटलं असावं काही गंमत आहे.

रमा संध्याकाळी घरी आली, टोपी खुंटीला अडकवली, भात लावला. कठड्यावरच्या गोष्टीबद्दल ती काही बोलली नाही. गंगाधररावांनी चार दिवस वाट पाहिली. ती विचारेल, काहून आले होते. मग ते म्हणतील, काहून म्हणजे, सरकारी जागा आहे. ती विचारेल, चारचौघांत काहून बोलले. त्याचंही उत्तर तयार होतं. पाचव्या दिवशी त्यांनीच विचारलं, “भाईसाहब काहून म्हटलं तू मले?” ती मेथी निवडत होती. “मग काय म्हणू? नवरा आहे म्हणून सांगतलं असतं तर लोकं तुमच्यावर हसले असते.” एवढं बोलून तिनं पिवळी पानं बाजूला काढली. त्यांच्याकडं उत्तरं पुष्कळ होती, पण ती दुसऱ्या प्रश्नांची होती.

पुढच्या रविवारी तिला काम नव्हतं. दुपारच्या जेवणानंतर तिनं त्यांच्यासमोर एक लिफाफा ठेवला. कार्यालयाचं पत्र होतं: प्राप्त शिकायत के संबंध में तीन दिवस में स्पष्टीकरण प्रस्तुत करें. सोबत वहीच्या पानाची झेरॉक्स जोडलेली होती. गंगाधररावांनी चष्मा लावला आणि स्वतःचं अक्षर वाचलं. उभ्या रेघा सरळ, मात्रा नेमक्या, ‘श’ची गाठ त्यांच्या हेडमास्तरांनी छडीनं शिकवलेली. सदतीस वर्षं घरातली किराण्याची यादी, पोरीची शाळेची पत्रं, रमाच्या बापाला गेलेली कोरडी उत्तरं, सगळी याच अक्षरात. ते वाचत राहिले. पान लहान होतं, तरी ते बराच वेळ वाचत राहिले.

“कोणाची आहे?” शेवटी त्यांनी विचारलं.

“नाव नाही टाकलं. जागरूक नागरिक आहे म्हणते.”

“असल्या लोकांले कामधंदा नसते.”

“असन,” रमा म्हणाली. “मले सरकारी लिहिता येत नाही. तुम्ही लिहून द्या. तुमचं आयुष्य गेलं त्याच्यात.”

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. ती जेवणाची ताटं उचलत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं, डाव नव्हता, क्षमा नव्हती. काम होतं आणि ते करू शकणारा माणूस घरात होता. हे अपमान करण्यासाठी केलं असतं तर त्यांना सोसलं असतं. त्यांनी कागद घेतला, खिडकीजवळच्या टेबलाशी बसले आणि लिहायला लागले. पहिल्या दोन ओळींपर्यंत हात जड होता. मग ते तक्रारदाराच्या परिच्छेदावर आले आणि हात सुटला. या माणसाला ते आतून बाहेरून ओळखत होते. तो कशानं पेटतो, काय न बघता लिहितो, नाव का टाकत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? ‘शिकायतकर्ता सेवानिवृत्त प्रवृत्ति का व्यक्ति प्रतीत होता है, जिसे विषय का ज्ञान नहीं, केवल आपत्ति का अभ्यास है.’ त्यांनी हे वाक्य दोनदा वाचलं. छत्तीस वर्षांत असं वाक्य साधलं नव्हतं. ‘जिसने जीवन में कुछ देखा नहीं, किंतु देखने वालों के विरुद्ध टीप अवश्य लिखी.’ दुपार सरत आली. बाहेर कॉलोनीत कोणाच्या तरी घरी टीव्ही चालला होता. त्यांना घाम आला होता आणि एक विचित्र आनंद झाला होता. आयुष्यभराची सगळी तुच्छता, चारही वर्गांची, पहिल्यांदाच अशा माणसावर वापरायला मिळत होती की ज्याच्याबद्दल एकही शब्द अंदाजानं लिहावा लागत नव्हता. दोन मोठे परिच्छेद झाले. त्यांनी हाक मारली, “रमा, ऐक.”

ती पदराला हात पुसत आली. ऐकत नाही, वाचते म्हणाली, आणि ओळीखाली बोट धरून हळूहळू वाचू लागली. ते तिच्या बोटाकडं बघत होते. बोट ‘सेवानिवृत्त प्रवृत्ति’वरून गेलं, ‘आपत्ति का अभ्यास’वरून गेलं, ‘देखा नहीं’वरून गेलं. कुठंही थांबलं नाही. शेवटी पोचलं तेव्हा तिनं टेबलावरची पेन्सिल उचलली आणि दोन्ही परिच्छेदांवरून तिरपी रेघ ओढली.

“हे काढून टाका.”

“काहून? तेच तर जोरदार आहे. तेच मुद्द्याचं आहे.”

“त्या माणसाबद्दल एवढं कशाले लिहा लागते?” ती म्हणाली. “त्याच्याशी आपल्याले काय काम? पक्ष्याचं लिहा. नर बसते अंड्यांवर, मादी नाही. पुस्तकाचं नाव अन पान मी सांगतो. साहेबांले येऊन पाहायचं असन तर अंडी अजून आहेत, घेऊन जाईन. बस.”

पुढं दिवाळीनंतर तिला कायम केलं आणि ती आठवड्यातले पाच दिवस तिकडंच राहू लागली, पण त्या दुपारी हे कोणालाच माहीत नव्हतं. गंगाधररावांनी कोरा कागद घेतला. पुस्तकाचं नाव, पान क्रमांक, पक्ष्याचं नाव, प्रत्यक्ष पाहण्याचं निमंत्रण. साडेतीन ओळी झाल्या. एखादं विशेषण कुठं बसतं का ते त्यांनी शोधून पाहिलं, बसत नव्हतं. अक्षर नेहमीसारखंच आलं होतं, सरळ आणि नेमकं. रमानं खाली सही केली, तिची शाळेतली, प्रत्येक अक्षर सुटं असलेली सही, आणि कागद परत त्यांच्यासमोर धरला.

“एकदा पाहून घ्या,” ती म्हणाली. “काही राहिलं का?”

त्यांनी चष्मा सारखा करून पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं.

“नाही,” ते म्हणाले. “काही राहिलं नाही.”